कालच्या पडद्यावरचा उद्या

(परळी वैजनाथ येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मी आज तुमच्यापुढे एक मागणी घेऊन उभा आहे. दूरदर्शनवर एकेकाळी विज्ञानकथांच्या मालिका लागत. त्या जपल्या जाव्यात, त्यांतल्या निदान दोन नव्याने केल्या जाव्यात, आणि मराठी विज्ञानकथेच्या तोलाची जी मालिका मराठी पडद्यावर आजवर आली नाही ती आता यावी, अशी ती मागणी आहे. ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्यांनी आयुष्यभर पोरांना विज्ञान शिकवलं. त्यांच्या नावाच्या व्यासपीठावरून ही मागणी करायला मला संकोच वाटत नाही.

परळीत तर मुळीच वाटत नाही. टीव्ही विजेवर चालतो आणि या गावाने मराठवाड्याला वीज दिली. इथल्या औष्णिक केंद्राचा ३० मेगावॅटचा पहिला संच १९७१ साली सुरू झाला. मुंबई दूरदर्शन सुरू झालं ते २ ऑक्टोबर १९७२ ला. चित्र निघण्याआधी वीज इथे तयार होती! पुढे ऐंशीच्या दशकात २१० मेगावॅटचे मोठे संच आले आणि त्याच दशकात देशभर दूरदर्शनचे मनोरे उभे राहिले. १९८४ साली तर काही महिने जवळजवळ रोज एक प्रक्षेपक सुरू होत होता. आपल्या भागातल्या अँटेनांची तोंडं अंबाजोगाईच्या टॉवरकडे वळली. वारा सुटला की अँटेना फिरायची, पडद्यावर मुंग्या यायच्या, एकजण माळवदावर चढून दांडा फिरवायचा आणि खालून ओरडा व्हायचा, "आलं, आलं, राहू दे!" तेवढ्यात लाइट जायची. ज्या जिल्ह्यात वीज तयार होत होती त्याच जिल्ह्यातली खेडी रात्र रात्र अंधारात असायची, हे मी परळीकरांना सांगायला नको.

त्या मुंग्यांमधून जे दिसलं त्यात पहिल्यांदा परदेशी मालिका होत्या. अमेरिकेची 'स्टार ट्रेक' तिकडे १९६६ ते १९६९ या काळात झालेली. आपल्याकडे ती ऐंशीच्या दशकात आली. जपानचा 'जायंट रोबोट' आला. हातावरच्या घड्याळात बोलून राक्षसाएवढ्या यंत्रमानवाला हुकूम सोडणारा तो मुलगा पाहून गावोगावची पोरं मनगटाशी तोंड नेऊन बोलू लागली. भाषा कळत नव्हती, पण गोष्ट कळत होती. तरीही ते जग दुसऱ्यांचं होतं. यानात बसलेली माणसं आपल्यासारखी दिसत नव्हती, आपल्यासारखी बोलत नव्हती, आणि भविष्य नावाची गोष्ट दुसऱ्याच कुठल्या तरी देशात घडते असं मुलांच्या मनावर नकळत ठसत होतं.

म्हणून 'इंद्रधनुष' या मालिकेचं मोल मी फार मोठं मानतो. १९८९ साली आनंद महेंद्रू यांनी ती दूरदर्शनसाठी केली. मध्यमवर्गीय घर, शाळकरी मुलं, त्यांच्या हातून तयार झालेला संगणक, आणि त्या संगणकातून उघडणारं काळाचं आणि अवकाशाचं दार. गिरीश कार्नाड तीत होते. ऊर्मिला मातोंडकर होती, आशुतोष गोवारीकर होते, आणि पुढे मोठा दिग्दर्शक झालेला करण जोहर तीत शाळकरी पोरगा होता. १९८९ साली आपल्याकडच्या बहुतेक मुलांनी संगणक डोळ्यांनी पाहिलेलाही नव्हता. बँकांमध्ये तो येऊ घातला होता आणि तो आला की नोकऱ्या जातील म्हणून मोर्चे निघत होते. मोठी माणसं ज्या यंत्राला घाबरत होती ते यंत्र या मालिकेत मुलं खेळण्यासारखं हाताळत होती, आणि हे सगळं घरातल्या भाषेच्या जवळच्या हिंदीत, शेजारच्या बिऱ्हाडात घडावं तसं घडत होतं. आधी पुन्हा काय करायचं, असं मला कोणी विचारलं तर मी या मालिकेचं नाव घेईन.

'स्पेस सिटी सिग्मा' त्याच सुमाराची. कॅप्टन तारा, त्यांचा चमू आणि झकाकू नावाचा खलनायक. 'स्टार ट्रेक'ची छाप तिच्यावर उघड दिसते. रंगवलेले पुठ्ठे आणि लुकलुकणारे दिवे पाहून आजची मुलं हसतील. ती आहे तशी जपावी, पुन्हा करायची गरज मला वाटत नाही.  

'कॅप्टन व्योम' १९९८ ची. केतन मेहता यांची निर्मिती आणि आपले मिलिंद सोमण नायक. बाविसाव्या शतकातली गोष्ट: गुरूच्या आयो या उपग्रहावर तुरुंग आहे, तिथून अट्टल गुन्हेगार निसटतात आणि व्योम एकेकाला शोधत सूर्यमालाभर फिरतो. कल्पना उत्तम होती. आयो हा सूर्यमालेतला सर्वांत जागृत ज्वालामुखींचा गोल आहे. गुरूच्या ओढीने त्याचं पोट सतत पिळवटलं जातं आणि त्या घर्षणाने आतला खडक वितळतो. अशा जागी तुरुंग बांधायचा म्हणजे पळून जाणाऱ्यालाही पायाखाली जमीन नाही. पण मालिकेने आयोचा असा उपयोग फारसा केला नाही. संगणकावरची चित्रं त्या काळाच्या मानाने धाडसाची होती. तेवढ्यावर सगळा भर गेला आणि लेखन मागे राहिलं. ही मालिका पुन्हा करायची तर चित्रं सोडून लेखनापासून सुरुवात करावी लागेल. तशी ती झाली, तर तिचं सोनं होईल.

'शक्तिमान'बद्दल मी थोडक्यात बोलतो, कारण त्याच्यासाठी कोणी रदबदली करायची गरज नाही. १९९७ पासून पुढची कितीतरी वर्षं मुकेश खन्नांनी मुलांवर राज्य केलं. २०२२ मध्ये त्याच्यावर चित्रपट काढण्याची घोषणाही झाली. मला ती मालिका आवडते, पण तिचा नायक योगसाधनेतून शक्ती मिळवतो. ती विज्ञानकथा नव्हे, आणि तसं म्हटल्याने तिचा काही अपमान होत नाही.

आता जपण्याचा मुद्दा. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली आणि २८ तारखेपासून दूरदर्शनने 'रामायण' पुन्हा लावलं. मागोमाग 'महाभारत', 'ब्योमकेश बक्षी', 'सर्कस', 'शक्तिमान' आलं. १६ एप्रिलचा 'रामायण'चा भाग ७ कोटी ७० लाख लोकांनी पाहिला, असं दूरदर्शनने जाहीर केलं. त्याच महिन्यात जुन्या मालिकांसाठी 'डीडी रेट्रो' ही वेगळी वाहिनी निघाली. लोकांना जुनं पाहायचं आहे हे त्यातून सिद्ध झालं. पण जे फडताळात नीट होतं तेच परत येऊ शकलं. जे फडताळात नाही, किंवा आहे पण खराब झालंय, त्याचं काय?

जुन्या कार्यक्रमांच्या टेप चुंबकीय असतात. प्लॅस्टिकच्या पट्टीवर लोहाच्या ऑक्साइडची बारीक पूड एका डिंकासारख्या लेपात बसवलेली असते आणि चित्र त्या पुडीत असतं. हवेतला दमटपणा त्या लेपात शिरतो. लेप चिकट होतो. मग टेप यंत्रात घातली की ती यंत्राच्या हेडला चिकटते आणि पूड खरवडून निघते. म्हणजे बघायला गेलं की बघताबघता चित्र पुसलं जातं. मुंबईसारख्या समुद्राकाठच्या शहरात वातानुकूलन नसलेल्या खोलीत टेप ठेवली तर काय होणार हे वेगळं सांगायला नको. शिवाय यू-मॅटिकसारख्या टेप वाजवणारी यंत्रं बनायची थांबून वर्षं लोटली; सुटे भाग मिळत नाहीत, दुरुस्त करणारे हात म्हातारे झाले. आणि याही आधीचं एक दुखणं आहे. टेप महाग होती, परदेशातून येत होती, म्हणून कार्यक्रम झाला की टेप पुसायची आणि तिच्यावर नवा कार्यक्रम घ्यायचा, अशी आपल्याकडे रीतच होती. आपल्या दूरदर्शनच्या पहिल्या वर्षांतलं कितीतरी सोनं असं पुसलं गेलं.

ही केवळ आपली चूक नव्हे. विलायतेत बीबीसीनेही तेच केलं. त्यांची 'डॉक्टर हू' २३ नोव्हेंबर १९६३ ला सुरू झाली. काळातून फिरणारा एक प्रवासी, त्याचं यान बाहेरून पोलिसांच्या निळ्या टेलिफोन खोलीसारखं. साठच्या दशकातल्या तिच्या भागांच्या टेप पुढच्या दहा-पंधरा वर्षांत पुसल्या गेल्या आणि शंभरच्या आसपास भाग हरवले. पण त्या काळात इंग्लंडमधली काही मुलं घरच्या टेपरेकॉर्डरचा माइक टीव्हीच्या स्पीकरसमोर धरून प्रत्येक भागाचा आवाज टिपून ठेवत होती. आईला "बोलू नको" म्हणून हाताने खुणा करत होती. त्या मुलांमुळे आज त्या मालिकेच्या हरवलेल्या प्रत्येक भागाचा आवाज शिल्लक आहे, आणि त्या आवाजावर नवी रेखाचित्रं चढवून काही कथा पुन्हा उभ्या केल्या गेल्या. २०१३ मध्ये नायजेरियातल्या एका केंद्राच्या खोलीत जुन्या फिल्मची रिळं सापडली, कारण बीबीसीने साठच्या दशकात ते भाग परदेशी केंद्रांना विकले होते. जे लंडनने पुसलं ते आफ्रिकेत सापडलं.

आपल्याकडे चित्रपटांसाठी पुण्याला १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. तिथे काम करणाऱ्यांनी गोदामांतून, भंगाराच्या दुकानांतून रिळं गोळा केली म्हणून प्रभातचे, फाळक्यांचे चित्रपट आपण पाहू शकतो. टीव्हीसाठी तेवढ्याच तोलामोलाची, लोकांना दार उघडं असलेली संस्था हवी. प्रसार भारतीने नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्यात 'वेव्हज' नावाचं ॲप सुरू केलं, ही चांगली सुरुवात आहे. पण त्या ॲपवर 'इंद्रधनुष' आणि 'सिग्मा' नीट साफ करून, कोणी लिहिली, कोणी दिवे लावले, कोणी पुठ्ठे रंगवले त्या सगळ्यांच्या नावांसकट यायला हव्यात. चंदिता मुखर्जींची 'भारत की छाप' ही भारतातल्या विज्ञानाच्या इतिहासावरची मालिका यायला हवी. गिरीश कार्नाड आणि प्रा. यश पाल यांचा 'टर्निंग पॉइंट' यायला हवा. शाळकरी मुलाने पोस्टकार्डावर विचारलेल्या प्रश्नाला देशातला मोठा शास्त्रज्ञ गंभीरपणे उत्तर देतो, हे दृश्य आज कुठल्या वाहिनीवर दिसतं? या दोन मालिका विज्ञानकथा नव्हेत. पण त्या ज्या पडद्यावर लागत होत्या त्याच पडद्यावर विज्ञानकथा रुजू शकत होती. दोन्हींचं वाफ्याचं पाणी एकच.

मालिका पुन्हा करायची म्हणजे काय करायचं, याचे जगात बरेवाईट सगळे नमुने आहेत. 'डॉक्टर हू' १९८९ ला थांबली आणि २००५ मध्ये रसेल टी. डेव्हिस यांनी ती परत आणली, ती आजवर टिकली. 'बॅटलस्टार गॅलेक्टिका' १९७८ ची. नायक-खलनायकांची साधी लढाई. २००३ मध्ये ती नव्याने झाली तेव्हा तिच्यात अमेरिकेवरच्या हल्ल्यानंतरची भीती, संशय, कैद्यांचा छळ, असे त्या दिवसांचे प्रश्न आले. नावं तीच राहिली, प्रश्न बदलले. माझ्या मते पुनरुज्जीवनाची कसोटी हीच. जुन्या कथेला आजचा प्रश्न विचारता येत नसेल तर ती नुसती जपावी, पुन्हा करू नये.

पैशाचंही ऐका. पैसा नाही, म्हणून विज्ञानकथा होत नाही, असं आपले निर्माते म्हणतात. 'स्टार ट्रेक'मध्ये माणूस एका जागी विरघळतो आणि दुसऱ्या जागी उभा राहतो, ही कल्पना जगभर गाजली. ती सुचली कशी? दर आठवड्याला यान ग्रहावर उतरताना दाखवायला पैसे नव्हते म्हणून. 'डॉक्टर हू'चं यान पोलिसांच्या खोलीच्या रूपात अडकून राहिलं तेही खर्चापायीच. विज्ञानकथेला मुळात एक बिनतोड कल्पना लागते आणि ती कागदावर फुकट असते.

अशा कल्पनांची तर मराठीत खाण आहे. मराठी विज्ञान परिषद १९६६ ची. तिची विज्ञानकथा स्पर्धा लवकरच सुरू झाली. १९७४ च्या स्पर्धेत 'कृष्णविवर' नावाची कथा पहिली आली. लेखकाचं नाव नारायण विनायक जगताप. ते नाव खोटं होतं. जयंत विष्णू नारळीकर या नावाची आद्याक्षरं उलटी करून ते घेतलं होतं, नावामुळे परीक्षकांचं मत झुकू नये म्हणून. केंब्रिजमध्ये फ्रेड हॉईल यांच्याबरोबर विश्वाच्या उत्पत्तीवर काम केलेला माणूस मराठी कथा लिहून स्पर्धेला पाठवतो, नाव बदलतो आणि निकालाची वाट बघतो! १९७९ मध्ये 'यक्षांची देणगी' हा त्यांचा संग्रह आला. पुढे 'प्रेषित', 'वामन परत न आला', 'व्हायरस'. २० मे २०२५ ला ते गेले. तेव्हा सगळ्या वाहिन्यांनी त्यांना आदरांजली वाहिली. त्याच वाहिन्यांनी त्यांच्या कथा पडद्यावर आणल्या असत्या तर ती अधिक शोभली असती.

त्यांच्या कथांना महागडी यानं लागत नाहीत. 'उजव्या सोंडेचा गणपती' आठवा. क्रिकेटचा सामना, एक गोलंदाज, एक गणपतीची मूर्ती आणि मोबियसची पट्टी. कागदाची लांब पट्टी घ्या, एका टोकाला अर्धा पीळ द्या आणि टोकं चिकटवा. तिच्यावर उजव्या हाताचा पंजा काढून तो पट्टीभर सरकवत नेला तर परत येताना तो डाव्या हाताचा झालेला असतो. हे सपाट आकृतीला घडतं. तसंच वळलेल्या अवकाशातून माणूस गेला तर? उजव्याचा डावखुरा होऊन परत येईल, त्याचं काळीज उजवीकडे असेल. ही कथा दाखवायला काय लागतं? एक मैदान, एक देव्हारा, दोन चांगले नट आणि आरशातलं चित्र उलटं करण्याइतका खर्च.

'गंगाधरपंतांचे पानिपत' तर माझ्या मते मराठी टीव्हीने अजून न केलेली सर्वांत मोठी मालिका आहे. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे पानिपतच्या लढाईचा विचार करत रस्त्याने चाललेले असतात. अपघात होतो आणि ते अशा मुंबईत पोचतात जिथे १७६१ साली मराठे जिंकले होते. विश्वासरावांना लागणारी गोळी चाटून गेली, एवढाच फरक. त्या एका फरकातून सगळा इतिहास वेगळा झाला आहे. एशियाटिक ग्रंथालयात बसून ते बखरी चाळत राहतात, वळण नेमकं कुठे पडलं ते शोधत. संध्याकाळी आझाद मैदानावर व्याख्यान चालू असतं आणि अध्यक्षांची खुर्ची रिकामी दिसते. गंगाधरपंत मोठ्या निष्ठेने तिच्यात जाऊन बसतात आणि श्रोते खवळतात, कारण त्या जगात अध्यक्षपद केव्हाच रद्द झालेलं आहे. (इथे आमच्या अध्यक्षांची खुर्ची सुरक्षित आहे, याची मी ग्वाही देतो.) ते परत येतात ते खिशात बखरीचं फाटकं पान घेऊन. हीच कथा इंग्रजी रूपात देशभरातली अकरावीची मुलं पाठ्यपुस्तकात वाचतात. पेशव्यांवर, पानिपतावर एवढ्या मालिका आणि चित्रपट झाले, तलवारी आणि पैठण्यांवर एवढा खर्च झाला; पण जिंकलो असतो तर काय झालं असतं आणि त्यात आपण काय गमावलं असतं, हा प्रश्न पडद्यावर कोणी विचारला नाही. दर आठवड्याला इतिहासातलं एक वळण घ्या. एक गोळी चुकली, एक पत्र उशिरा पोचलं, एक नदी पुराने अडली. दहा भाग लिहायला मराठीत दहा लेखक नक्की मिळतील.

आणि 'धूमकेतू'. ऐंशीच्या दशकात तिच्यावर चित्रपट झाला होता, तो आज किती जणांना आठवतो? हौशी खगोल निरीक्षक दत्ता यांना एक धूमकेतू सापडतो, त्याला त्यांचं नाव दिलं जातं, आणि मग कळतं की तो पृथ्वीवर आदळणार आहे. जगभरचे शास्त्रज्ञ गुपचूप कामाला लागतात आणि तो वळवतात. इकडे घरी शांतियज्ञ झालेला असतो आणि श्रेय यज्ञाला जातं. दत्ता बायकोवर ओरडत नाहीत. ते खिन्न होतात. ज्योतिर्लिंगाच्या गावात मी ही कथा मुद्दाम सांगतो आहे. इथे श्रद्धेने माणसं येतात, तिच्याबद्दल मला आदर आहे. नारळीकरांनीही त्या घरातल्या बाईंना वाईट रंगवलं नाही. पण कारण कशाचं आणि परिणाम कशाचा हे ओळखायला शिकवणारी गोष्ट त्यांनी लिहिली, आणि तशी गोष्ट रोज रात्री घराघरांत दिसायला हवी, कारण रोज रात्री घराघरांत याच्या उलट बरंच काही दिसतं.

नारळीकर एकटे नव्हते. लक्ष्मण लोंढे, बाळ फोंडके, सुबोध जावडेकर, निरंजन घाटे, अरुण मांडे यांनी कथांमागून कथा लिहिल्या. नारायण धारपांच्या भयकथांकडे टीव्ही वळला, त्यांच्या विज्ञानकथांकडे वळला नाही. भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्न मराठी मुलांच्या हातात दिला. त्यांचा 'फास्टर फेणे' १९८७ मध्ये सुमीत राघवनच्या रूपाने दूरदर्शनवर आला आणि २०१७ मध्ये आपल्या लातूरच्या रितेश देशमुखांनी त्याच्यावर चित्रपट काढला. तीस वर्षांनी फुरसुंगीचा पोरगा परत येऊ शकतो, तर व्योम आणि गंगाधरपंत का नाही?

शेवटी आपल्या भागाबद्दल बोलतो, कारण नवी मालिका लिहायची तर ती इथून लिहावी असं माझं ठाम मत आहे. २०१३ मध्ये पाणी नाही म्हणून परळीचं केंद्र बंद पडलं. कोळसा होता, यंत्रं होती, माणसं होती. वाफ करायला आणि ती थंड करायला पाणी नव्हतं. २०१५ मध्ये पुन्हा तेच झालं. त्याच वर्षी औरंगाबादहून विमानं उडाली आणि मराठवाड्याच्या ढगांत रसायनांचे कण सोडून पाऊस पाडायचा प्रयत्न झाला. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पिण्याचं पाणी आलं. आकाशातून पाऊस ओढायला विमानं, वाघिणींतून नदी, पाण्याविना थांबलेलं वीजकेंद्र: हे पन्नास वर्षांपूर्वी कोणी लिहिलं असतं तर त्याला विज्ञानकथेचं बक्षीस मिळालं असतं. आम्ही ते जगलो. या वीजकेंद्राच्या राखेबद्दल, या पाण्याबद्दल, पाऊस कोणाच्या शेतावर पाडायचा हे ठरवण्याचा हक्क कोणाचा याबद्दल जी विज्ञानकथा होईल ती अमेरिकेत किंवा मुंबईत बसून लिहिता येणार नाही.

आणि परभणीच्या पुढे औंढा नागनाथ आहे. तेही ज्योतिर्लिंग. नामदेवांसाठी देऊळ फिरलं ही आख्यायिका आपण लहानपणापासून ऐकत आलो. त्याच औंढ्याच्या परिसरात 'लायगो इंडिया' ही वेधशाळा उभी राहायची आहे. केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये तिला सुमारे २६०० कोटींची मंजुरी दिली. काटकोनात चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन नळ्या, आत निर्वात पोकळी, टोकाला आरसे, आणि मध्ये लेझरचा किरण. दूर कुठेतरी दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली की अवकाश थरथरतं आणि त्या नळीची लांबी प्रोटॉनच्या हजाराव्या भागाहूनही कमी अशी बदलते. तो बदल हे यंत्र मोजणार. अमेरिकेतल्या अशा यंत्रांनी १४ सप्टेंबर २०१५ ला ही थरथर पहिल्यांदा टिपली. ज्या 'आयुका' या संस्थेची नारळीकरांनी पुण्यात स्थापना केली तिचा या प्रकल्पात मोठा वाटा आहे. 'कृष्णविवर' नावाची कथा १९७४ मध्ये टोपणनावाने स्पर्धेला पाठवणाऱ्या माणसाच्या संस्थेतले लोक आता मराठवाड्याच्या काळ्या मातीत कृष्णविवरांचा कानोसा घेणार आहेत. हिंगोली जिल्ह्यातल्या एखाद्या गावची मुलगी त्या वेधशाळेत कामाला लागते आणि एका रात्री तिला नोंदीत असं काही दिसतं जे तिथे असायला नको... पुढचं तुम्ही लिहा.

तुमच्याकडून मला तीन गोष्टी हव्या आहेत. ज्यांच्या घरी व्हीसीआरवर दूरदर्शनचे कार्यक्रम भरून घेतलेल्या जुन्या कॅसेट असतील, त्यांनी त्या भंगारात देऊ नयेत. कोरड्या जागी उभ्या ठेवाव्यात, घरच्या यंत्रात घालून पाहू नयेत, आणि जाणकाराकडून त्यांची डिजिटल प्रत करून घ्यावी. त्यात अर्धा भाग 'सिग्मा'चा असला तरी तो मोलाचा आहे. शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी प्रसार भारतीला आणि मराठी वाहिन्यांना पत्रं लिहावीत, मालिकेचं नाव घालून, काय हवं ते स्पष्ट सांगून. १९६८ मध्ये प्रेक्षकांच्या पत्रांच्या ढिगामुळे 'स्टार ट्रेक'ला तिसरं वर्ष मिळालं होतं. आणि समोर जी मुलं-मुली बसली आहेत त्यांनी एक कथा लिहावी, मराठीत, आपल्या गावची. मराठी विज्ञान परिषद दरवर्षी विज्ञानरंजन कथा स्पर्धा घेते. या वर्षी परळीहून तिथे कथा गेल्या पाहिजेत.